न रडणारं बाळ

मला वहीशिवाय काम सुचत नाही. शहापूरच्या आमच्या लहानशा प्रसूतिगृहात सिझरच्या प्रत्येक बाळाचं एक पान असायचं: वजन, शी, शू, दर तासाची नोंद. भूल पुरती उतरेपर्यंत आई वरच्या मजल्यावर, बाळ खाली आजीजवळ उबेत. ही व्यवस्था तिथली सिस्टर म्हणून मीच बसवली होती. वॉर्ड शांत राहायचा.

त्या दिवशी वैशाखरे गावची एक पहिलटकरीण होती. सकाळी सातला सिझर झालं, मुलगी झाली. खाली सासूने सोन्याच्या अंगठीने बाळाला मध चाटवला. मी नको म्हणाले, पण तिचा हात धरला नाही. आठला पाहिलं, बाळ झोपलेलं. नऊलाही. दहाला शेजारच्या खाटेवरचं पोर घसा फोडून रडत होतं आणि सासू त्याच्या आजीला ऐकवत होती, "बघ गो, आमची कशी गुणी. आवाज नाय." बायका हसल्या. मीही हसले आणि वहीत लिहिलं, झोपलेलं.

अकराला तोच शब्द लिहीत होते तेव्हा आया निरोप घेऊन आली, आई बाळ मागतेय, तिचा जीव थाऱ्यावर नाही. टाके ओले आहेत, दुपारी देऊ, असं मी कळवलं. पहिलटकरणींना काहीबाही वाटतच असतं.

बाराची नोंद करायला पेन टेकवलं आणि वरच्या ओळी एकाखाली एक दिसल्या. चारही ठिकाणी एकच शब्द. दुधाचा रकाना नव्हताच. तो मी आखलाच नव्हता.

दुपट्यात हात घातला. तळवे गार होते. टिचकी मारली तर पाय मागे घेतला नाही. दुसरीला ओठ हलले, आवाज आला नाही.

बाळाला उचलून मी जिना चढले. डॉक्टरबाईंनी टाचेतून रक्त घेतलं. साखर उतरली होती. त्यांनी कल्याणला न्यायला गाडी सांगितली आणि ती येईपर्यंत बाळ आईच्या उघड्या छातीवर ठेवायला लावलं. टाक्यांवर भार नको म्हणून आईला कुशीवर वळवलं. बाळ ओढत नव्हतं. मी आईचा चीक चमच्यात पिळून थेंब थेंब ओठांत सोडू लागले.

आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "सकाळपासून मागते मी. तुमी आणलं नाय."

खाली गाडीचा हॉर्न वाजला. तिसऱ्या चमच्याला बाळाने गिळलं. मग बारीक कुरकुरलं. डॉक्टरबाईंनी पुन्हा साखर पाहिली आणि थांबू या म्हणाल्या. गाडी चार वाजेपर्यंत अंगणात उभी होती.

दुसऱ्या दिवशी वजनासाठी बाळ खाली न्यायला गेले, तर आईने पदर घट्ट ओढून घेतला.

"काटा इथं आणा."

मी काटा वर नेला. तो अजून वरच आहे.