धुळीतलं पोहनं

"मास्तर, पयले तू झोपून दाखव बे. मंग पोराइले समजन," देशमुख म्हनले.

मी झोपलो. शाळेच्या आंगनात, पोटावर, साऱ्या गावापुढं. आंगावर धुतलेलं धोतर अन् एकुलता एक कोट. हात पुढं फेकले, मांगं ओढले. बेडकावानी पाय झाडले. नाकातोंडात धूळ गेली. भिंतीवर बसलेली पाटलाची पोरं खी-खी हासली.

"हां, असंच. आता पोरं," देशमुख म्हनले. माह्या मांगं म्हारवाड्यातली सारी लेकरं धुळीत पडली अन् पोहू लागली.

हे पोहनं सरकारी होतं. त्याची ग्रँट होती.

आमचं गाव चिखलीपासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसाचं. तवा वऱ्हाड मध्यप्रांताले जोडलेला, सरकार नागपुरात. आमाले गावच्या बारवेवर बंदी. बारव म्हंजे पायऱ्याइची मोठी इहीर. तिचं पानी आमी शिवाचं नाई. म्हनून आमची लेकरं मुरमाच्या खदानीत साचलेल्या पान्यात आंघोळ करत. एका पावसाळ्यात किसना तेथंच बुडाला. माह्या शाळेतलं पोरगं. मी चिखलीले गेलो, शाळाखात्याच्या साहेबापुढं हात जोडले, रडलो. मंग कवातरी हुकूम आला का अस्पृश्याच्या लेकराइले पोहनं शिकवा, आंघोळीची सोय करा. तब्येत सुधरन, जीव रमन.

पैसा आला शाळा कमेटीकडं, अन् कमेटी म्हंजे देशमुख. बारवेच्या पायऱ्या नव्या झाल्या. कपडे बदलाले छपरी झाली. देशमुखाची, पाटलाची पोरं धबाधब उड्या मारत. आमची लेकरं दुरून पाहेत. आंधळं दळते अन् कुत्रं पीठ खाते.

मी इचारलं, आमची पोरं पान्यात कवा उतरतील. देशमुख गोड बोलले. गाव आइकत नाई म्हने, बारव बाटन, मंग भट बोलावून तिची शांत करावी लागन. पयले हातपाय तं शिकू दे. पानी काय पळून जाते?

मी आइकलं. काऊन आइकलं? माहा पगार त्याइच्याच हातात होता. माहा बाप मेलेली ढोरं ओढे, अन् मी खुर्चीवर बसो. ती खुर्ची सोडवत नव्हती.

अन् मले सोतालेच पोहता येत नव्हतं. कसं येईन? जन्मात गुडघ्याच्या वर पानी लागलं नाई. पुस्तकातले चित्रं पाहून मी हात मारो. बाप्पा, काय तमाशा होता तो! पान्यात न उतरलेला मास्तर कोरड्या जमिनीवर पोहनं शिकवे. रोज. हिवाळा गेला, उन्हाळा आला. पोराइची पोटं सोलून निंगाली. "गुरुजी, पानी कवा?" हे इचारनंबी त्याइनं सोडलं. मी थकलो होतो. घरी आलो का कोट झटकाचीबी इच्छा होये नाई.

मंग साहेब पाहाले आला. मोटारीतून. हार झाले, पेढे झाले, नव्या पायऱ्या पाहून झाल्या. मंग त्याले शाळेच्या आंगनात आनलं. पोरं पालथी झाली, हातपाय हालवू लागली. साहेब हासला. "अच्छा, अच्छा," म्हने. देशमुखाची छाती फुगली.

किसनाची माय, गोदामाय, कुंपनापाशी उभी होती. आवाज नाई केला तिनं. मलेच आइकू येईन इतकं म्हनली, "मास्तर, माहा किसना धुळीत नव्हता बुडाला."

लाज वाटली. मान वर कराची सोय नव्हती. अन् मंग राग आला. देशमुखाचा कमी, माहा जास्त.

मी म्हनलं, "उठा रे." पोरं उठली. देशमुखानं डोळे वटारले. मी साहेबाकडं वळलो.

"साहेब, या लेकराइले बारवेत उतरू देत नाईत. मलेबी नाई. तुमच्या ग्रँटीत देशमुखाची पोरं पोहून राह्यली."

साहेबाले समजलं का नाई, देव जाने. समजलं असन. त्यानं टोपी घातली. देशमुख म्हनले, मास्तराले ऊन लागलं. मोटार गेली, अन् मांगून माही नोकरीबी गेली.

घरी चूल एकच येळ पेटे. म्हारवाड्यातले म्हातारे म्हनत, पान्यात राहून माशाशी वैर कायले घेतलं बे? मी म्हनो, पान्यात आपन होतोच कवा?

कामधंदा नव्हता, तं मी खदानीवर जाऊ लागलो. कमरेले सुके भोपळे बांधले. दोराचं एक टोक माह्या आंगाले, दुसरं काठावर गोदामायच्या हातात. लय पानी पेलो. दोनदा तिनं वढून काढलं. कोनाले शिकवाचं तं पयले आपल्याले आलं पायजे, एवढंच डोक्यात होतं. आलं. मंग लेकराइले उतरवलं, एकएकाले, दोर बांधून. पोरं पान्यात अशी हासत, का तसं हासनं शाळेच्या आंगनात मी कवा आइकलं नव्हतं.

पुढच्या साली ग्रँट पुन्हा येनार, अन् साहेबबी येनार असं समजलं. देशमुखानं मानूस धाडला. नोकरी परत देतो म्हने. साहेबापुढं माफी मांग, अन् पोराइले आंगनात झोपव. एवढंच.

बायको चुलीपाशी बसली होती. घरात दाना नव्हता. तिनं माह्याकडं पाह्यलं, मी तिच्याकडं. ती म्हनली, "जे सांगाचं ते उभं राहून सांगा."

मी उभा राह्यलो.

"देशमुखाले सांग," म्हनलं, "पोराइले पोहता येते आता. बाजाराच्या दिवशी, भर दुपारी, आमी बारवेत उतरतो. पयले मी. त्याइनं साहेबाले आनावं नाईतं काठ्या आनाव्या. आमी उतरतो."