सन्नाटा मागणारा माणूस

मुलांनो, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, “आजी, आजोबांचा आवाज कसा होता?” मला सांगता येईना. म्हणून एक छोटी फिल्म पाठवते आहे. ती करणाऱ्या माणसाबद्दल आधी वाचा. आपल्या वरठीच्या घरात वरच्या खोलीत तो भाड्याने राहायचा. हातात माइक घेऊन दारात उभा राहायचा आणि म्हणायचा, “काकू, एक मिनिट सन्नाटा द्या नं.”

शेजारणीने विरजण मागावं, तसा तो सन्नाटा मागायचा. तो तेव्हा एक मोठा सिनेमा करत होता; त्यातले काही प्रसंग आपल्या ओसरीवर चित्रित झाले होते.

“पण शांतता कशाला हवी?” मी विचारलं.

“बोलणं कापून जोडलं का मधात खड्डा पडते. तो भराले त्याच घरचा सन्नाटा लागते. दुसऱ्या घरचा चालत नाही.”

वरठीत तो मिळणं अवघड. आगगाडी जायची, कारखान्याचा भोंगा व्हायचा, आणि सगळं शांत झालं की नेमके तुमचे आजोबा खोकायचे.

“काकाजी, खोकलू नका नं जी!”

“मले का शौक हाये? तुह्या पिच्चरसाठी सास बंद करू का आता?”

तो कपाळाला हात लावून हसायचा. मग पुन्हा पहिल्यापासून.

त्या सिनेमाला वर्षं लागली. दिघोरीच्या बांध्यांत, म्हणजे धानाच्या शेतांत, एखादा शॉट राहिला, की पुढच्या वर्षीच्या धानाची वाट पाहायची. शेवटी सिनेमा झाला, पण कोणत्याच टॉकीजने घेतला नाही. तुमसरला एक हॉल घेऊन त्याने तो दाखवला. मध्यंतरानंतर निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. त्या त्यानेच उचलून ठेवल्या. नंतर तो आमच्या दारावरून मान खाली घालून जिना चढायचा. सन्नाटा मागायचा बंद झाला.

त्याच हिवाळ्यात आजोबा गेले. काही दिवसांनी तो ओसरीवर येऊन बसला.  मग मी म्हटलं, “फोटो पुष्कळ आहेत रे. लग्नाच्या कॅसेटमध्ये नुसता बँड वाजतो. आवाज कुठेच नाही.”

तो उठला. “आहे, काकू. सिनेमातून काकाजीले कापलं, पण फेकलं नाही.”

दुसऱ्या दिवशी त्याने ओसरीवर कॅमेरा लावला. भिंतीवरून ऊन खाली उतरतं, बस, एवढंच टिपलं. त्या चित्राला त्याने आजोबांचा जपून ठेवलेला आवाज लावला. आधी तो छोट्या फिल्म करायचा, पण मोठ्या सिनेमापायी त्या केव्हाच सोडल्या होत्या, म्हणून मी विचारलं, “आता पुन्हा छोटी का?”

“मोठ्या पिच्चरात खोकला कापा लागते, काकू. लहान्यात ठेवता येते.”

“केवढी होईल?”

“जेवढे काकाजी, तेवढी.”

पुढे तो खोली सोडून गेला. म्हणाला, असेच लहान लहान पिच्चर करत गावोगाव फिरतो. आता त्याचा फोन लागत नाही. संध्याकाळची गाडी निघून गेली की घरात हवा तेवढा सन्नाटा असतो. मागायला कोणी येत नाही.

फिल्म मात्र आहे. मोबाइलचा आवाज पूर्ण वाढवा. तिच्यात आजोबा दोनदा खोकतात आणि एकदा बोलतात.