रेवाचे अंगठे

स्वमग्न मूल आईकडे किती वेळा बघतं, हे टिपण्यात माझी वीस वर्षं गेली. व्याख्यानात मी ते अगदी हातवारे करून सांगते. काल तीन वर्षांची रेवा कोपऱ्यात बसली होती आणि मी तिच्या आईला खेळाच्या तासाचं चित्रण दाखवत होते. त्यात आई गात होती आणि रेवा खिडकीकडे बघत होती. मी ‘प्रतिसाद नाही’ असं लिहून मोकळी झाले होते; त्या शेऱ्यावरून आता रेवाचे उपचार थांबणार होते.

आई म्हणाली, “मॅडम, तोंडच काय बघताय सारखं? जरा खाली बघा की.”

खाली रेवाच्या पायांचे अंगठे ठेका धरत होते. गाणं थांबलं की थांबत, सुरू झालं की पुन्हा हलत.

माझ्या कपाटात वीस वर्षांचे कागद आहेत आणि त्यांतल्या एकाही मुलाला पाय नाहीत. आपण ज्या दाराशी कान लावून बसतो, त्याच दारावर थाप पडेल, असं कोणी सांगितलं होतं?

“घरी ती रोज असंच ऐकते,” आई म्हणाली. “मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल.”

मी ‘नाही’ खोडलं. कोपऱ्यात बसलेल्या रेवासमोर चपला काढून फरशीवर बसले आणि तेच गाणं गुणगुणत पायाचा अंगठा हलवला.

रेवाने खिडकीकडे बघतच आपला हलवला.