बँडमधला दम

मित्रमैत्रिणींनो, उदगीर जिल्हा होईल तेव्हा होईल, पण आज दुपारी आमच्या कॉलेजात पुण्याचे चार सॅक्सोफोनवादक आले.

मी बाबांना ओढतच नेलं. ते लग्नाच्या बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवायचे. दुष्काळानं लग्नं पुढं गेली, त्यातच त्यांचे जोडीदार रहीमचाचा वारले, आणि बाबांनी वाद्य गुंडाळून ठेवलं. त्यांनी पुन्हा वाजवावं, एवढीच माझी इच्छा.

एका संथ रचनेत तिघं थांबले. चौथ्यानं एकट्यानं खर्जातला सूर लांबवला, मग श्वासासाठी तोंड बाजूला केलं. सूर चालूच राहिला. चौघांनीही दचकून मागं पाहिलं.

बाबांनी माझा हात घट्ट धरला. “रहीमनं दम उचलला गं.”

बँडमध्ये एकाचा दम संपला की शेजारचा न सांगता तोच सूर धरतो. त्याला ते दम उचलणं म्हणतात.

“बाबा, हॉल घुमतोय नुसता.”

“येडी हायेस का? पंचवीस वर्षं त्याच्या शेजारी उभा व्हतो मी.”

घरी आल्यापासून बाबा आतल्या खोलीत दार लावून वाजवत बसलेत. प्रत्येक सूर अर्ध्यावर सोडतात आणि वाट बघतात.

मला हेच हवं होतं ना? मग ते दार उघडायला माझा हात का धजत नाही? तुम्ही त्यांना थांबवलं असतं का?