खड्ड्यावरचा कागद
चित्रकलेच्या कोळशाची कांडी हातात घेतली, की तिच्या वासाबरोबर ती दुपार येते. नागपुरातलं आमचं विणकराचं घर विकलं होतं. घेणाऱ्याला सपाट फरशी हवी होती, म्हणून बाबा ज्यात पाय सोडून हातमागाच्या पावड्या दाबायचे, तो खड्डा बुजवायचा होता. माग तर कधीच मोडीत गेला होता. मी फरशीवर मोठा कागद अंथरून, वरून कोळसा घासत तिचा ठसा घेत होते. “काय करून राहिली वं?” बाबांनी विचारलं. “घराचं चित्र.” ते खड्ड्याच्या काठावर बसले, पाय आत सोडून. “मंग याचाबी घे ना. मी तं इथंच राहत होतो.” ते उठल्यावर मी कागद खड्ड्यावर ओढला, कोळसा घासला. खाली काहीच नव्हतं, कागद टरकन फाटला. बाबा दारात थांबलेल्या मजुरांना म्हणाले, “टाका गा मुरूम.” मला रडूबिडू आलं नाही. तो फाटका कागद आता आमच्या फ्लॅटच्या भिंतीवर आहे. बाबा त्याच्याकडे बघत नाहीत. समोरच्या खुर्चीत बसले, की त्यांचे पाय मात्र टाइल्स आळीपाळीने दाबत राहतात.