गाडी बोलवायच्या आधी

आमच्या वृद्धाश्रमात कुणी जेवणाचं ताट बाजूला सरकवलं, कुणाचा पाय लटपटला, कुणी सकाळी हाक मारूनही उठलं नाही, की पहिला फोन अ‍ॅम्ब्युलन्सला जायचा. तिला आम्ही सगळे नुसतं ‘गाडी’ म्हणायचो. मी नव्याने नर्स म्हणून लागले तेव्हा मला ही तत्परता फार आवडली होती. म्हाताऱ्या माणसांना इतकं जपणारी माणसं आहेत, असं मी घरी आईला कौतुकाने सांगितलंही होतं.

पुढे हळूहळू कळलं, की या जपण्यात निम्मी भीती आहे. आश्रमाचा कारभार बघणारे गुरुजी निवृत्त मुख्याध्यापक. सहल नेली तर शेवटचं पोर घरी पोचेपर्यंत शाळेच्या फाटकात उभे राहणारे. “दवाखान्यात काही झालं तर लोक नशीब म्हणतात. इथे झालं तर विचारतील, ठेवून का घेतलंत?” असं ते म्हणायचे, आणि ते खोटं नव्हतं.

आश्रम मुरुडजवळ, नारळाच्या वाडीत. मोठं हॉस्पिटल गाठायचं तर किनाऱ्याकिनाऱ्याने वळणावळणांचा रस्ता, खाड्यांवरचे पूल आणि दर वस्तीला गतिरोधक. धडधाकट माणूसही तिथे पोचेपर्यंत अर्धा आजारी होतो. मग कॅज्युअल्टी, तपासण्या, अनोळखी वॉर्ड. तिथली माणसं वाईट नव्हती. मी शिकताना अशाच वॉर्डांत काम केलंय. एका नर्सकडे इतके पेशंट असतात, की एखाद्या आजोबांना चहात पाव बुडवून दिला तरच ते खातात, हे तिला कोण सांगणार आणि ती ऐकणार कधी?

मी स्वतः दिघीकडची. रोज फेरीबोटीने आगरदांड्याला उतरून एसटीने कामावर यायचे. वडील जेटीवर ओझी उचलायचे. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. माझी पदवी म्हणजे नेमकं काय, हे वडील प्रत्येकाला वेगळं सांगायचे. कुणाला “डॉक्टरच्या हाताखालची”, कुणाला “डॉक्टरच्या बरोबरीची”, आणि एकदा बोटीवरच्या तिकीटवाल्याला “डॉक्टरला विचारायचं असलं तर हिला विचारतो.” मुंबईची नोकरी सोडून मी इथे आले त्यात त्याग वगैरे काही नव्हता. आईवडिलांना सोडवेना, एवढंच. पण ज्यांनी मला हॉस्टेलला जाताना पिशवीत पोहे बांधून दिले, ती सगळी माणसं आता आश्रमातल्या माणसांच्याच वयाची होत चालली होती, आणि ते काम करताना मनात सतत असायचं.

आश्रमात कोळीवाड्यातली एक आजी होती. आयुष्यभर सुकी मासळी विकलेली. आवाज असा, की व्हरांड्यातून तिने “चाय!” म्हटलं की स्वयंपाकघरातल्या मावशींच्या हातातली गाळणी हलायची. पडून मोडलेलं हाड नीट न जुळल्यामुळे ती चालू शकत नव्हती. घरी सून दिवसभर बाजारात, मुलगा होडीवर. म्हणून ती आमच्याकडे आली. विसराळूपणाही सुरू झाला होता. पण मुलगा समुद्रावर आहे की घरी, हे मात्र ती कधी विसरायची नाही.

एका उन्हाळ्यात तिला ताप आला आणि नेहमीच्या रिवाजाप्रमाणे गाडी आली. लघवीचा संसर्ग होता, औषधाने उतरलाही. पण वॉर्डात तिने सलाइनची सुई उपसली, म्हणून तिचे हात पट्टीने खाटेला बांधले गेले. ती परतली तेव्हा एकसारखं पडून राहून कमरेवर जखम झाली होती आणि आवाज गेला होता. म्हणजे गळा ठीक होता. ती बोलतच नव्हती. जखम भरायला बरेच आठवडे लागले. एका दुपारी मी मलमपट्टी करत असताना तिने माझं मनगट धरलं. “पोरी, मना परत तिकडं न्हाय धाडायचं. मरीन तर हितं मरीन. दरया दिसतो हितून.”

“मरायची कशाला गोष्ट करता आजी?”

“मग काय लगनाची करू?” ती म्हणाली, आणि तिचा आवाज परत आलाय हे मला तेव्हा कळलं.

तिच्यावरूनच मी मुरुडच्या डॉक्टरांना भेटले. ते आठवड्यातून एकदा स्कूटरवरून आश्रमात येत. त्यांना म्हटलं, प्रत्येक वेळी आधी गाडी न बोलवता आधी तुम्हाला फोन केला तर? मी नाडी, रक्तदाब, ताप, साखर, श्वास बघून सांगते. इथे होण्यासारखं असेल ते इथे करू. ते हसले. “सिस्टर, हे मी गुरुजींना तीन पावसाळे सांगतोय. पण मी सांगितलं की त्यांना तो डॉक्टरचा आळस वाटतो. तुम्ही सांगून बघा.”

गुरुजींनी खूप विचार केला. शेवटी म्हणाले, “पण हाड मोडलं, छातीत दुखलं, तर थांबायचं नाही.” मी म्हटलं, अजिबात नाही. आणि तसंच झालं. न्हाणीघरात घसरलेल्या एका आजोबांना आम्ही चहासुद्धा न देता थेट धाडलं, आणि ते बरं केलं. पण बाकीच्या कितीतरी दुखण्यांवर उपचार खाटेपाशीच होऊ लागले. गुरुजी मात्र प्रत्येक वेळी माझ्यामागे येऊन उभे राहायचे आणि घड्याळ बघायचे.

खरी कसोटी लागली ती पाऊस सरल्यावर. होड्या पुन्हा समुद्रात गेल्या होत्या आणि ऊन असं, की नारळाच्या झावळ्याही हलत नव्हत्या. एका सकाळी मी पोचले तर गुरुजी फाटकातच. “आजीला लकवा झालाय. बोलणं जड झालंय, ओळखत नाही. मी गाडीला फोन लावतोय, बाळ. आज ऐकणार नाही.”

मी चप्पल काढून तशीच आत गेले. आजी ग्लानीत. मला तिने कुठल्याशा बहिणीच्या नावाने हाक मारली. जीभ जड होती. मी म्हटलं, आजी, हसा बरं. तिने डोळे उघडून माझ्याकडे असं बघितलं, की वेड लागलंय का हिला. मग ती थोडी हसली, तोंड वाकडं न होता. दोन्ही हात उचलले, दोन्ही मुठी सारख्याच. ताप नव्हता, साखर ठीक. रक्तदाब उतरलेला, नाडी धावत होती. जीभ पाहिली, ती वाळत घातलेल्या बोंबलासारखी कोरडी. खाली अंथरलेलं फडकंही कोरडं, म्हणजे रात्रभरात लघवी नाही.

“पाणी पितात ना?” मी मावशींना विचारलं.

“पितात म्हणजे! दर खेपेला पेला भरून ठेवते, दर खेपेला रिकामा. एवढं तर मीसुदिक पीत न्हाय.”

डॉक्टरांना फोनवर सगळं सांगितलं. ते म्हणाले, गाडीला तयार राहायला सांगा, पण आजीला हलवू नका, मी येतो. दवाखान्यातले पेशंट थांबवून ते आले. तपासलं, रक्त काढून मुरुडला पाठवलं, हातात सलाइन लावलं. मग व्हरांड्यात गुरुजींना आणि मला म्हणाले, “लकवा वाटत नाही. अंगातलं पाणी आटलंय. पण का आटलं ते कळत नाही. संध्याकाळपर्यंत लघवी झाली नाही, किंवा ग्लानी वाढली, तर मात्र पाठवायचं. मग मीही अडवणार नाही.”

गुरुजींनी खुर्ची आणून दारात टाकली आणि बसले.

आता घरचं कुणीतरी हवं होतं. मुलगा होडीवर, मोबाइलला रेंज नाही. सून मासळीची पाटी कुणाच्या तरी हवाली करून रिक्षाने आली. मी तिला वहिनी म्हणायचे. मागच्या खेपेला तिला विचारलं होतं, तेव्हा ती “तुमी शिकलेली मानसं, तुमी ठरवा” एवढंच म्हणाली होती. या वेळी मी तिला बाजूला बसवून दोन्ही गोष्टी सांगितल्या. पाठवलं तर काय होऊ शकतं, ठेवलं तर काय होऊ शकतं. आजी मला काय म्हणाली होती, तेही सांगितलं.

तिने पदराने हात पुसले. “ताई, मना बी म्हनाली होती. पन मी ठेव म्हनले आनि काय झालं, तर हे दरयावरून येऊन मना इचारतील ना?”

मी म्हटलं, “आपण संध्याकाळपर्यंत तिच्यापाशी बसू. मग ठरवू.”

दुपार अशीच गेली. सलाइन थेंब थेंब उतरत होतं. आजीने जरा डोळे उघडले तशी मी तिला उशांना टेकवून बसवलं आणि पेला हातात दिला. तिने दोन्ही हातांनी धरला, ओठापर्यंत नेला नाही. मोठ्या कष्टाने खाटेलगतच्या खिडकीकडे वळली आणि हात लांब केला. पाणी पलंगावर सांडलं. मला वाटलं, नको म्हणून ढकलतेय.

वहिनी एकदम उठली. “आये! अगो आये, काय करतंस?” मग माझ्याकडे वळून, हसू आणि रडू एकदमच आलेल्या आवाजात म्हणाली, “ताई, ही पीत न्हाय. ही पानी देतंय. ह्यांना.”

मला उलगडेना. तिने सांगितलं, की त्यांच्या घरातली ही जुनी रीत. घरचा माणूस होडीवर गेला की घरातल्या बाईने रोज सकाळी उंबऱ्यावरून एक पेला गोडं पाणी दर्याच्या दिशेने सोडायचं. दर्यावर सगळं पाणी खारट. त्याला तहान लागू नये. आजीची सासू करायची, आजी करायची, आता वहिनी करते. “पन सकालचा एकच पेला, ताई. ही विसरली. हिला वाटतं, दिला न्हाय अजून. म्हनून जो हातात येल तो देतंय.”

मावशी खिडकीबाहेर वाकून बघत होत्या. “तरीच! पाऊस कवाच गेला, आन ही गुलबक्षी कशी ताठ म्हून मी रोज बघते.”

दारातल्या खुर्चीवरून गुरुजी खळखळून हसले. आपण हसलो याचंच त्यांना नवल वाटलं असावं, कारण लगेच त्यांनी तोंडावर रुमाल धरला.

कारण कळलं, पण आजीला पाजायचं कसं? मी “आजी, आता तुम्ही प्या” म्हणाले तर तिने मान फिरवली. “तो भायेर हाय. त्याला तान लागली आसंल.” तिला खोटं सांगायचं, की मुलगा बंदरात आला? माझ्या ओठांवर आलं होतं. पण वहिनीने माझा हात दाबला. तिने पेला काठोकाठ भरला, अर्धा खिडकीतून सोडला, तोही घाई न करता, तोंडाने काहीतरी पुटपुटत. मग पेला सासूच्या ओठाशी धरला.

“त्याचा अर्धा गेला, आये. ह्यो तुजा. तू नाय पिलीस तर त्याच्या घशाखाली उतरंल का?”

आजीने सुनेकडे बघितलं, पेल्याकडे बघितलं. मग एक घोट घेतला.

त्यानंतर दर थोड्या वेळाने तेच. थोडं दर्याला, थोडं आजीला. पुढे पुढे दर्याचा वाटा नुसत्या चार थेंबांवर आला आणि आजीचा वाढत गेला. मध्ये गुरुजी येऊन म्हणाले, “मी भरू का एक पेला?” आणि वर्गात फळ्यावर लिहावं तितक्या काळजीने त्यांनी तो भरला.

ऊन उतरलं तरी फडकं कोरडंच. मी परत परत हात घालून बघत होते. वहिनी माझ्या चेहऱ्याकडे बघायची, मी दुसरीकडे. गाडीवाल्याचा फोन आला: येऊ की नको? गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं, मग म्हणाले, “थांबा. दिवस आहे अजून.” आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी गाडीला थांबा म्हटलं असेल.

समुद्रावर लाली पसरत होती तेव्हा आजीने कपाळाला आठ्या घातल्या. “पोरी,” ती म्हणाली. आवाज स्पष्ट होता, आणि हाक मलाच होती. “मना भिजल्यावानी वाटतंय. लाज बी न्हाय राहिली.”

मी हात घातला. चादर पार ओली झाली होती.

मी आणि वहिनीने एकमेकींना मिठीच मारली. मावशी म्हणाल्या, “धुवायला मीच हाय, तरी खूश झाले!” गुरुजींनी उभं राहून आधी डॉक्टरांना फोन लावला, मग गाडीवाल्याला. दुसऱ्या फोनवर ते एवढंच म्हणाले, “नको. आमच्या आजी इथेच आहेत.” फोन ठेवल्यावर त्यांनी दारातली खुर्ची उचलून जागेवर नेऊन ठेवली.

आम्ही आजीला पुसलं, कोरडी चादर घातली. ती शुद्धीवर येत होती तशी चिडतही होती: कुणी केस विंचरले नाहीत, चहा कुठे आहे, ही सून बाजार सोडून इथे काय करतेय. वहिनी तिच्यामागे बसली, गाठी सोडवत तिचे विरळ केस विंचरू लागली. आजीने डोळे मिटले. मी सलाइनची गती कमी केली. शेवटची एसटी निघून गेली होती, आणि मला त्याचं काहीच वाटत नव्हतं.