खालाचे बेन्ये

खाला उभ्यानं कधी तळायची नाही. तिची शेगडी ओट्यावर नव्हतीच. ती जमिनीवर असायची, समोर पाट आणि पाटामागं टेकायला भिंत. "उभ्यानं सैपाक करनाऱ्या बाया लवकर झिजत्यात," असं ती म्हणायची. मी त्या काळी पदर खोचून घरभर वावटळीसारखी फिरायचे आणि मनात म्हणायचे, काय आळशी बाई आहे ही. आज माझे गुडघे बदलायचे की नाही यावर घरात बैठका चालू आहेत. तेव्हा शहाणं कोण होतं, ते मी वेगळं सांगत नाही.

तिचं खरं नाव आमच्या गल्लीत फार थोड्यांना ठाऊक होतं. चिकलठाण्याला कंपन्यांच्या मागच्या वसाहतीत आमची घरं भिंतीला भिंत लावून होती; तिनं फोडणी दिली की शिंक मला यायची. मी बत्तीस वर्षांची होते. गृहविज्ञानाची पदविका घेतली होती आणि ती चौकटीत घालून स्वयंपाकघरात टांगली होती. वाफेनं काच पिवळी पडली होती, तरी रोज पुसायचे. घरात येणाऱ्याची नजर तिकडं गेली नाही तर मी "अगंबाई, ही तिरकी झाली वाटतं" म्हणत ती उगाच सरळ करायचे. खालानं पहिल्याच आठवड्यात माझं बारसं करून टाकलं. "ये डिप्लोमा," भिंतीपलीकडून हाक यायची, "वाटीभर मीठ दे गे. मोजून नक्को देऊ."

पीठ मळून झालं की ती तिथंच चटईवर आडवी व्हायची, तोंडावर ओढणी घेऊन. "पीठ दम खातंय. मीबी खाते." मला हे बघवायचं नाही. पाच-पाच मिनिटांनी मी झाकण उचलून पिठात बोट खुपसायचे. ओढणीखालून आवाज यायचा, "पांघरून ओढू नक्को. झोपेतून उठवलं तर तुझा नवरा फुगतो, पीठ नाय फुगत." मला वाटायचं, हिला ओढणीतून दिसतं. दिसत बिसत काही नव्हतं. माझ्या बांगड्या वाजायच्या.

तिचा नवरा विमानतळाच्या रस्त्यावरच्या एका हॉटेलात मुख्य स्वयंपाकी होता. सगळे त्याला उस्ताद म्हणायचे, म्हणून आम्हीही म्हणायचो. हिवाळ्यात वेरूळ-अजिंठा बघायला फ्रान्सचे पाहुणे यायचे. त्यांच्यासोबत दरवर्षी येणाऱ्या एका बाईनं उस्तादांच्या भटारखान्यात उभं राहून त्यांना बेन्ये शिकवले होते. खमीर आणलेला मैदा, त्यात अंडं, दूध, लोणी. लाटून चौकोन कापायचे, तळायचे, आणि वरून पिठीसाखरेचा पाऊस. पाहुण्यांना म्हणे ते खाऊन आजोळी आल्यासारखं वाटायचं. उस्ताद बारा हिवाळे ते करत होते. घरी आले की मात्र चुलीकडं पाठ करून बसायचे. हॉटेलातलं हॉटेलात, हा त्यांचा नियम. खालानं तो पदार्थ कधी चाखला तर नव्हताच, पाहिलाही नव्हता.

एका उन्हाळ्याच्या तोंडाला उस्तादांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. गिळता येत होतं, समजत होतं, पण ते खाईनात. खालानं मटणाचा खलिया शिजवून शिजवून मेणासारखा मऊ केला, दालचा केला, खीर केली. दोन घास झाले की उस्ताद तोंड मिटायचे आणि भिंतीकडं वळायचे. महिन्याभरात खुंटीला अडकवलेल्या सदऱ्यासारखे दिसायला लागले. डॉक्टरांनी सांगितलं, जे आवडेल ते मऊ करून द्या. असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल. "नळी घातली की ह्यो मानूस गेला," खाला मला म्हणाली. "ज्यानं जनमभर चव बघितली त्याला नळीनं जेवू घालायचं म्हनजे..." ती भांडी आवरायला लागली, बसल्या बसल्याच.

हॉटेलातला एक म्हातारा वेटर भेटायला आला होता, तेव्हा मी तिथंच होते. बोलता बोलता तो म्हणाला, "उस्ताद, तुम्ही घरी बसलात आणि बेन्ये बंद झाले बघा." उस्तादांचा डावा हात उचलला. पांघरुणावर त्यांनी बोटानं उभी रेघ ओढली, मग आडवी, मग परत उभी. चौकोन कापत होते. खालानं वेटरला विचारलं, "कसे करत्यात ते?" तो म्हणाला, "मला नुसतं उचलून न्यायचं माहीत, खाला. उस्ताद पीठ मळताना कोणाला जवळ उभं करत नव्हते."

तो गेल्यावर ती माझ्या दारात आली. त्या दिवशी तिनं टोमणा मारला नाही, यावरूनच मी काय ते समजायला हवं होतं. "डिप्लोमा, तुझ्या वहीत फ्रान्सचं काय हाय का?"

वहीत फ्रान्सचं काही नव्हतं. पण नाही म्हणायला जो मोठेपणा लागतो तो पदविकेत शिकवत नाहीत. मी म्हटलं, "त्यात काय एवढं."

पहिल्यांदा मी दही आणि खाण्याचा सोडा घालून मळलं. जे झाले ते चौकोनी भटुरे होते. मी त्यावर साखर टाकली आणि "आत्मविश्वास महत्त्वाचा" असं काहीतरी बोलले. खालानं एक तुकडा दुधात भिजवून उस्तादांच्या ओठाशी नेला. त्यांनी जिभेवर घेतला, माझ्याकडं बघितलं आणि तोंड मिटलं. कॉलेजातल्या बाईंनीसुद्धा मला इतक्या थोडक्यात कधी नापास केलं नव्हतं.

मग मी वाचनालयातून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणलं आणि बेकरीतून खमीर. पुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं, पीठ दोन तास उबदार जागी ठेवावं. मे महिना होता. मी घरभर उबदार जागा शोधली आणि शेवटी पातेलं गच्चीवर नेऊन ठेवलं. शंका नको म्हणून वर गोधडी टाकली. दोन तासांनी गेले तर पीठ पातेल्यातून बाहेर येऊन गोधडी घेऊन निघालं होतं, आणि गच्चीवर ताडीच्या दुकानासारखा वास. खाला जिना चढून आली, पायरी पायरीवर बसत, आणि पातेल्यात डोकावली.

"हे पुस्तक कुठल्या गावचं?"

"बाहेरचं. थंड देशातलं."

"आन तू कुठं ऱ्हाती?"

मी गोधडी झटकायला घेतली.

"चिकलठान्यात, मे महिन्यात, उबदार जागा शोधाया गेली. धन्य हाय."

हसली मात्र नाही. खाली आल्यावर मी त्या आंबलेल्या पिठाचे चार चौकोन हट्टानं तळून खाल्ले, वर 'गोडच लागतात' म्हटलं. खालानं माठाखालची ओली वाळू हातानं बाजूला केली, नव्यानं मळलेल्या पिठाचं पातेलं त्यात गळ्यापर्यंत रोवलं, ओल्या फडक्यानं झाकलं आणि शेजारी आडवी झाली. मला म्हणाली, "बांगड्या काढून बस." त्या दिवशी पीठ सावकाश, शहाण्यासारखं चढलं. करंगळीएवढं जाड लाटून चौकोन कापले. खालानं भिंतीला टेकून, झाऱ्यानं वरून तेल उडवत ते तळले. एकेक चौकोन उशीसारखा फुगला. पिठीसाखर चहाच्या गाळणीतून भुरभुरली. मला वाटलं, आता उस्ताद उठून बसणार.

त्यांनी तुकडा तोंडात घेतला. चघळला. गिळला. मग भुवया एकत्र आल्या, काहीतरी शोधल्यासारखं तोंड हललं, आणि मिटलं. खालानं माझ्याकडं बघितलं. "काय घातलंस?" मी म्हटलं, "वेलची. आणि थोडं केशर." गोड म्हटलं की माझा हात आपोआप त्या डब्याकडं जायचा, श्रीखंड असो की फ्रान्स, मला फरक नव्हता. पुढच्या खेपेला वेलची-केशर वगळलं. तरीही तेच. थोडा वेळ शोधलं, सापडलं नाही, तोंड मिटलं.

दवाखान्यातून सोमवारची वेळ मिळाली होती, नळीसाठी. शनिवारी औषधं घेऊन आम्ही दोघी बसथांब्यावरून पायी येत होतो. ऊन असं की बोलायलाही नको वाटावं. खाला म्हणाली, "थकले गे. ह्याच्या आजारानं नाय. हा काय मागतोय ते कळंना, त्यानं थकले." मी तिच्या हातातली औषधांची पिशवी माझ्याकडं घेतली.

कोपऱ्यावर रसाची गाडी होती. गाडीवाला मोसंब्या सोलून साली टोपलीत टाकत होता. खाला दोन पावलं पुढं गेली, थांबली, मागं आली. टोपलीतली एक साल उचलून तिनं नाकाशी धरली. मग मोडली आणि परत हुंगली. गाडीवाला म्हणाला, "खाला, रस देऊ का?" तिचं लक्षच नव्हतं.

"ह्याच्या नखांना ह्यो वास यायचा," ती म्हणाली. "थंडीभर. मी म्हनायची, मला सोडून एकटा रस पिऊन येतो. चार दिवस बोलले नव्हते एकदा ह्याच्यावरून. तो हसायचा निस्ता."

आम्ही अख्ख्या दोन मोसंब्या घेतल्या. खालानं किसणीवर वरचा पिवळा पापुद्रा तेवढा काढला. खालचं पांढरं कडू, ते येऊ दिलं नाही. कीस पिठात गेला, पातेलं वाळूत गेलं. रविवारी दुपारी तिनं तळले. मी वही उघडलीसुद्धा नाही. मला तेव्हा स्वतःचीच जराशी भीती वाटत होती, की मी परत काहीतरी सुचवीन.

उस्तादांनी पहिला तुकडा घेतला आणि डोळे मिटले. तोंड मात्र मिटलं नाही. दुसरा घेतला. अख्खा चौकोन संपला, सावकाश, साखर हनुवटीवर. मग त्यांनी डाव्या हातानं ताटली पुढं ढकलली. खाला म्हणाली, "झालं? नक्को?" त्यांनी परत ढकलली, दाराच्या बाजूला, जोर लावून. खालाचा चेहरा पडला. ती ताटली उचलायला वाकली तर त्यांनी तिच्या मनगटावर चापट मारली आणि पुन्हा दाराकडं बोट केलं.

मला काहीच कळेना. खाला तशीच वाकलेली राहिली. मग हळू म्हणाली, "जाऊ दे म्हनतोय. गिऱ्हाइकाकडं जाऊ दे. मनासारखं झालं की हाटेलात ह्यो ताटली अशीच ढकलायचा दारापाशी, वेटर सांगत होता." ती उठली, दाराशी जाऊन उंबऱ्याजवळ बसली, ओढणी सारखी केली आणि ताटली ओढून घेतली. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात उस्तादांनी तिच्यासाठी बाहेर पाठवलेली ती पहिली ताटली. तिनं दोन खाल्ले. मला विचारलं नाही. मीही मागितले नाहीत. तेवढी अक्कल मला त्या दिवशी आली.

सोमवारी ती दवाखान्यात गेली नाही. बेन्यांच्या मागोमाग पेज जायला लागली, मग खलियाही. उस्ताद त्या पावसाळ्यात भरले, एकदा दारातल्या खुर्चीत बसले. थंडीत मात्र दुसरा झटका आला. शेवटच्या आठवड्यात ते काहीच घेईनात. मी म्हटलं, "खाला, बेन्ये करू या का?" ती म्हणाली, "नक्को. तवा तो कायतरी मागत होता. आता कायबी मागत नाय. खानंबी एक काम हाय गे. त्याला सुट्टी देऊ."

उस्ताद गेल्यावर वर्षाच्या आत ती परभणीला लेकीकडं जायला निघाली. सामान तीन गाठोडी, शेगडी आणि पाट. जीप यायला वेळ होता. मी सकाळीच मोसंब्या आणून ठेवल्या होत्या, पीठही मळून वाळूत रोवलं होतं. म्हटलं, जाता जाता एकदा तुझ्या हातचे कर.

"नक्को."

"का पण? सगळं तयार आहे."

"करीन. पन बरोबर झाले का चुकले, ते सांगनार कोन?"

मी म्हटलं, "मी सांगेन की. इतके खाल्लेत मी."

खालानं माझ्याकडं नीट बघितलं. त्या नजरेत माया होती, पण तिचं मत बदलेल इतकी नाही. "तू?" ती म्हणाली. "तुला तर गच्चीवरचे आंबटबी गोड लागले होते." मग माझ्या गालावर हात ठेवला, जीपमध्ये बसली आणि सीटला टेकून लगेच डोळे मिटले. जालना रोडला वळेपर्यंत तिनं ते उघडलेले मी तरी पाहिले नाहीत.

मी अजून करते, वर्षातून दोन-तीनदा. आता बसूनच करते. नातीनं मला उंच स्टूल आणून दिलंय. हात लवकर दुखतात, लाटताना मध्ये थांबावं लागतं. मुलं, सुना, नातवंडं ताटलीभोवती जमतात. आजी मस्त, आजी एक नंबर, म्हणतात. एखाद्या खेपेला पीठ चढलेलं नसतं, एखाद्या खेपेला साल कडू उतरते, मला कळतं. तरी सगळे खातात, सगळे छान म्हणतात, आणि मी गाळणी हातात घेऊन एकेकाच्या तोंडाकडं बघत बसते.